निडीच्या दोन वेलांट्या आणि साठीनंतरचा मेंदू

पनवेलहून रोह्याकडे जाताना नागोठणे मागे पडले की रोह्याच्या अलीकडे निडी हे लहानसे स्थानक येते. नावात अक्षरे दोनच. पण साक्षरतेच्या वर्गात बसणारी साठीपुढची एखादी बाई ही पाटी वाचायला लागली, तर या दोन अक्षरांतच तिला देवनागरीची एक मोठी अडचण भेटते. पहिल्या अक्षराला पहिली वेलांटी, दुसऱ्याला दुसरी. दुसरी सरळ आहे. आधी ‘ड’, मग ‘ई’, आणि वेलांटीही अक्षराच्या उजवीकडे. पहिली मात्र फसवी. ती ‘न’च्या डावीकडे असते, म्हणजे डोळ्याला आधी दिसते आणि जिभेवर नंतर येते. देवनागरी वाचनावर झालेल्या प्रयोगांत सराईत वाचकालाही अशा शब्दांना किंचित जास्त वेळ लागतो, असे आढळले आहे. सहा वर्षांचे मूल हे कोडे न कळताच पचवून टाकते. पासष्टीच्या बाईला ते सोडवावे लागते. उतारवयातल्या शिकण्याचा मेंदूला काही फायदा होत असेल, तर तो या ‘सोडवावे लागते’मध्येच आहे.

हा विषय आत्ताच काढायला कारण आहे. केंद्र सरकारचा ‘उल्लास’ म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी आहे. खर्चाचा आराखडा १,०३७.९० कोटी रुपयांचा आणि उद्दिष्ट पाच कोटी निरक्षरांना साक्षर करण्याचे. वयाची खालची अट १५ वर्षे, वरची काहीच नाही. महाराष्ट्रात याची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी ५० असे १५० गुण. प्रत्येक भागात ३३ टक्के मिळाले की उत्तीर्ण. नातवाचे बोट धरून परीक्षेला आलेल्या आजीचा फोटो तेव्हापासून दरवर्षी वर्तमानपत्रांत येतो, लोक कौतुक करतात आणि विषय संपतो. आजीच्या मेंदूत काय झाले आणि प्रमाणपत्र ट्रंकेत गेल्यावर त्याचे पुढे काय होते, हा प्रश्न फोटोत मावत नाही.

रायगड जिल्ह्याची साक्षरता २०११च्या जनगणनेत सुमारे ८३ टक्के होती. पण हा आकडा सात वर्षांपुढच्या सगळ्यांचा आहे. शाळेत जाणारी मुले आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे तरुण त्यात असतात. भाताच्या खाचरात आणि मिठागरात आयुष्य काढलेल्या पिढीतल्या बायका त्या सरासरीखाली झाकल्या जातात. उरलेली निरक्षरता प्रामुख्याने म्हातारी आहे आणि बाईची आहे. म्हणूनच साक्षरतेचा हा कार्यक्रम, कागदावर तसे कुठे लिहिलेले नसले तरी, बऱ्याच अंशी ज्येष्ठांच्या आरोग्याचा कार्यक्रम ठरतो.

मोठेपणी वाचायला शिकल्याने मेंदू बदलतो का? याचे उत्तर बऱ्यापैकी भक्कम आहे. फ्रान्सचे स्तानिस्लास देहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये ६३ प्रौढांचा अभ्यास छापला. त्यातले काही पूर्ण निरक्षर, काही लहानपणी शिकलेले, तर २२ जण मोठेपणी वाचायला शिकलेले होते. अक्षरे ओळखणारा मेंदूचा डाव्या बाजूचा भाग या उशिरा शिकलेल्यांतही जागा झालेला दिसला. एवढेच नव्हे, नुसते बोलणे ऐकताना होणारा मेंदूचा प्रतिसादही वाचन येणाऱ्यांत वेगळा होता. म्हणजे अक्षर फक्त डोळ्याचे राहत नाही, ते कानापर्यंत पोचते. ‘पाणी’ हा शब्द आयुष्यभर एक अखंड आवाज म्हणून ऐकलेल्या माणसाला तो ‘पा’ आणि ‘णी’ असा फोडता येऊ लागतो.

त्याहून जवळचे उदाहरण लखनौच्या आसपासच्या खेड्यांतले. तिथे निरक्षर प्रौढांना, ज्यात जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या, सहा महिने हिंदी वाचन शिकवले गेले आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली गेली. २०१७ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’मध्ये निष्कर्ष आले. बदल मेंदूच्या वरच्या सालीपुरते राहिले नव्हते. खोलवरच्या थॅलॅमस आणि मेंदूस्तंभाशी असलेल्या जोडण्यांतही ते दिसले. लिपी देवनागरीच होती, म्हणजे तीच ती पहिली वेलांटी. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, जी या अभ्यासाच्या बातम्यांत सहसा गळून जाते : या बायका बहुतेक तिशीतल्या होत्या. तिशीत सहा महिन्यांत जे झाले ते सत्तरीत तेवढ्याच वेळात होईल, असे त्यावरून म्हणता येत नाही.

मग स्मृतिभ्रंश टळतो का? इथे जरा जपून चालावे लागते. भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, असा अंदाज ‘लासी’ या देशव्यापी पाहणीच्या स्मृतिभ्रंशाविषयीच्या भागातून २०२३ मध्ये पुढे आला. पुरुषांपेक्षा बायकांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा न शिकलेल्यांत ते जास्त. निडीसारख्या गावातल्या शाळेत न गेलेल्या आजीच्या बाबतीत ही तिन्ही कारणे एकत्र येतात. न्यूयॉर्कमध्ये चार किंवा त्याहून कमी इयत्ता शिकलेल्या ९८३ वृद्धांचा अभ्यास २०१९ मध्ये ‘न्यूरॉलॉजी’त आला. त्यातले निरक्षर ३५ टक्के लोक अभ्यास सुरू होतानाच स्मृतिभ्रंशाचे रुग्ण होते. थोडेफार वाचता येणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. पण त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट सांगितली. स्मरणशक्ती उतरू लागल्यावर दोन्ही गटांत ती साधारण सारख्याच वेगाने उतरली. अक्षरओळख उतरणीचा चढ कमी करत नाही. ती माणसाला थोड्या उंचावर नेऊन ठेवते, म्हणून तळ उशिरा येतो. याला शास्त्रज्ञ ‘बौद्धिक राखीव साठा’ म्हणतात.

आणि मोजपट्टीचाही प्रश्न आहेच. स्मृतिभ्रंशाची जगभर वापरली जाणारी छोटी चाचणी माणसाला एक वाक्य लिहायला सांगते. ज्याने कधी पेन धरले नाही, तो त्या प्रश्नात आजारामुळे नापास होतो की शाळेअभावी? हरियाणातल्या बल्लभगडमध्ये काम करताना संशोधकांना ही अडचण इतकी टोचली, की १९९५ मध्ये त्यांनी निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी चाचणीची वेगळी हिंदी आवृत्ती तयार केली. तरीही निरक्षरांच्या आकड्यांत परीक्षेच्या भीतीचा थोडा वाटा राहतोच.

शिवाय निरक्षर म्हणजे मेंदू रिकामा, असे समजणाऱ्याने आगरी लग्नातली धवलारीण ऐकलेली नसावी. हळदीपासून वरात येईपर्यंत, प्रत्येक विधीला त्याचे धवले तिला तोंडपाठ असतात, कागद न लागता. कुठल्या क्षणी कोणते गायचे, हेही तिच्याच डोक्यात. अशा स्मरणाची कसोटी कुठल्याही दवाखान्यातल्या चाचणीत नाही. हैदराबादमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाची लक्षणे सरासरी साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांच्यातही हा फरक होता. साठा भरायचे रस्ते शाळेतून जाणारेच असतात असे नाही.

पण साठीनंतर हा साठा वाढवायचा तर काय करावे? रोहा-दिवा गाडीत किंवा एसटीत शब्दकोड्याचे पान उघडून बसलेले निवृत्त गृहस्थ नेहमी दिसतात. वेळ छान जातो. पण वीस वर्षे रोज शब्दकोडे सोडवणारा माणूस हळूहळू शब्दकोड्यात तरबेज होतो, एवढेच. डेनिस पार्क यांनी अमेरिकेत डॅलसमध्ये ६० ते ९० वयाच्या २२१ जणांवर केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. काहींना गोधडीकाम, काहींना डिजिटल छायाचित्रण, काहींना दोन्ही, असे तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास शिकवले गेले. तुलनेसाठी एक गट गप्पा, सहली, एकत्र जेवण अशा मजेत ठेवला आणि एक गट घरी बसून शब्दकोडी, संगीत यांत रमवला. घडलेल्या गोष्टी आठवण्याची शक्ती सुधारली ती मुख्यतः नवे, अवघड काम शिकणाऱ्यांची. त्यातही छायाचित्रणवाल्यांची, कारण कॅमेरा आणि संगणक त्यांना अगदीच परके होते. गप्पांच्या गटाचा वेळ आनंदात गेला, पण स्मरणात तसा फरक पडला नाही.

आठवड्याला १५ तास हा आकडा मुद्दाम दोनदा वाचावा. रोज दोन तासांहून जास्त होतात. रविवारी सकाळी अर्धा तास हार्मोनियम, हा या प्रयोगाचा पुरावा नव्हे. जर्मनीत साठीच्या आसपासच्या लोकांना तीन चेंडू झेलत राहायला शिकवले, तेव्हा तीन महिन्यांत मेंदूतल्या स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पससह काही भागांत वाढ मोजता आली. सराव थांबल्यावर काही महिन्यांत ती ओसरली. शिकणे हे लसीसारखे नाही, की एकदा टोचले आणि काम झाले.

‘नवे’ म्हणजे काय, हे ज्याच्या-त्याच्यावर ठरते. पेणमध्ये, हमरापूर-जोह्याच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी हे सर्वांत नाजूक काम. चाळीस वर्षे आखणी करणारा कारागीर सत्तरीतही ते करतो आणि त्याचा हात पाहत राहावा असा असतो. पण त्याच्या मेंदूला त्यात नवीन काही उरलेले नाही. नागोठण्याच्या पेट्रोकेमिकल कारखान्यातून निवृत्त झालेल्या ऑपरेटरने तीच आखणी शिकायला घेतली, तर पहिले दोन महिने डोळे तिरळे येतील, आणि फायदा त्याचाच होईल. उलट त्या कारागिराला मोबाइलवर हिशेब ठेवायला शिकवावे. त्याचे डोळे तिरळे येण्याची पाळी तिथे.

याच परिसरातली दोन मोठी नावे हा फरक स्पष्ट करतात. चिंतामणराव देशमुख रोह्याचे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मग देशाचे अर्थमंत्री, आणि उतारवयात संस्कृत कवितांचे पुस्तक. पण संस्कृत त्यांना नवे नव्हते. १९१२ च्या मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली होती. जुन्या विद्येकडे परतणे हा फार सुंदर छंद आहे, आणि मनाला त्याची गरजही असते. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९४२ नंतर वेल्लोरच्या तुरुंगात असताना, पन्नाशीला टेकलेल्या विनोबांनी तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या चारही भाषा एकाच वेळी शिकायला घेतल्या. एक पुरी करून दुसरी घ्यावी, हा शहाणपणाचा सल्ला त्यांनी मानला नाही. गेल्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात रेचेल वू यांनी ज्येष्ठांना स्पॅनिश, चित्रकला, टॅबलेट वापरणे अशा किमान तीन गोष्टी तीन महिने एकदम शिकवून पाहिल्या. त्यांच्या बौद्धिक चाचण्यांतले गुण चांगलेच वाढले. माणसे मोजकी होती, म्हणून यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण मूल तरी एका वेळी एकच गोष्ट कुठे शिकते?

या साऱ्यात एक साधी गोष्ट वर्गाच्या दाराशीच अडते. चाळिशीनंतर जवळचे अंधूक दिसू लागते, साठीनंतर अनेकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो आणि कान मंद होतात. ‘प’ आणि ‘ष’ यांतली एक तिरकी रेघ चष्म्याशिवाय दिसत नाही, ‘त’ आणि ‘थ’ यांतला फरक मंद कानाला कळत नाही, आणि सगळे मिळून निष्कर्ष निघतो की आजींना आता या वयात जमत नाही. ‘लॅन्सेट’ आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाची बदलता येण्याजोगी १४ कारणे दिली आहेत. ती सगळी दूर झाली तर सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतात किंवा त्यांचा आजार लांबू शकतो, असा त्याचा हिशेब. त्यात ऐकू न येण्याचा वाटा ७ टक्के, माणसांपासून तुटण्याचा ५ टक्के, उपचार न झालेल्या दृष्टिदोषाचा २ टक्के. म्हातारपणी छंद लावून घेणे या १४ मध्ये नाही. शिक्षण आहे, पण ते लहानपणीचे. उतारवयातल्या शिक्षणाने आजार टळतो असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा आयोगाला मिळालेला नाही, हे छंदवर्गांच्या जाहिराती वाचताना ध्यानात असलेले बरे.

श्रवणयंत्राबाबतही गोष्ट सरळ नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षे चाललेल्या चाचणीत (२०२३) सर्वांचा मिळून विचार केला तेव्हा फरक दिसला नाही. पण ज्यांना हृदयविकाराचा वगैरे धोका जास्त होता, त्या गटात श्रवणयंत्र वापरणाऱ्यांची बौद्धिक घसरण जवळपास निम्मी झाली. रक्तदाब आणि साखर घरोघरी पोचलेल्या आपल्याकडे ही दुसरी गोष्ट अधिक कामाची वाटते. साक्षरतेच्या वर्गाआधी पेण किंवा रोह्याच्या सरकारी रुग्णालयातून डोळे आणि कान तपासून घेणे हा काही मोठा खर्च नाही. शिक्षण खाते आणि आरोग्य खाते यांनी एकमेकांशी बोलायला हवे, एवढीच अडचण. आणि ती छोटी नाही.

वर्ग कसा असावा याचे उदाहरण शोधायला फार लांब जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची कल्पना आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत. ६० ते ९० वयाच्या आजी, गुलाबी नऊवारी हा गणवेश, दप्तर आणि पाटी. गावातल्या बायकांना पोथी स्वतः वाचायची होती, त्यातून हे निघाले. देशोदेशीचे कॅमेरे तिथे येऊन गेले, त्यांना गुलाबी रंग आवडला. विज्ञानाच्या नजरेने पाहिले तर महत्त्वाचे वेगळेच आहे. शाळा दुपारी भरते, म्हणजे घरकाम आणि शेतीच्या मधल्या वेळात. शिकणाऱ्या सगळ्या एकाच वयाच्या, त्यामुळे चुकण्याची लाज नाही. आणि परीक्षेच्या तारखेला शाळा संपत नाही. ‘लॅन्सेट’च्या यादीतला एकटेपणा तिथे आपोआप कमी होतो. पोरे नोकरीसाठी पनवेल-नवी मुंबईला गेलेल्या घरांत ही बाजू अक्षरांपेक्षाही मोठी असू शकते. १६ देशांतल्या ६५ वर्षांपुढच्या ९३ हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवरून २०२३ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ने छापलेल्या विश्लेषणात छंद असणाऱ्यांत नैराश्याची लक्षणे कमी आणि समाधान जास्त आढळले. अर्थात ज्याचे बरे चालले आहे तोच छंद जोपासतो, हेही तितकेच शक्य आहे; संशोधकांनी आजारपण, उत्पन्न वगैरे हिशेबात धरूनही ही शंका पूर्ण जात नाही.

‘उल्लास’चे कागदोपत्री पाच भाग आहेत : पायाभूत साक्षरता, जीवनकौशल्ये, व्यवसायकौशल्ये, प्राथमिक शिक्षण आणि निरंतर शिक्षण. मोजमाप होते ते मात्र मुख्यतः पहिल्याचे, कारण परीक्षा त्याचीच असते. शिकवणारे स्वयंसेवक आहेत, मानधनाशिवाय. परीक्षा झाली की तेही मोकळे होतात. महाराष्ट्राने हे एकदा पाहिलेले आहे. १९५९ मध्ये साताऱ्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावेच्या गावे साक्षर झाल्याचे समारंभ झाले, आणि पुढे वाचायला काहीच हाती न आल्याने अनेकजण पुन्हा अंगठ्यावर आले. चेंडू झेलणाऱ्यांच्या मेंदूचे जे झाले तेच.

निडीतल्या त्या आजींना परीक्षेनंतर रोज वाचावे असे काय लागते, हे पाहिले तर आणखी एक खाच दिसते. वर्गात त्या ५, ६, ७ हे अंक देवनागरीत शिकल्या. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत, मोबाइलची कळ, बँकेतून आलेला ओटीपी, यांतला एकही आकडा त्या वळणाचा नसतो. तिथे इंग्रजी अंक असतात, आणि गोळीचे नावही इंग्रजीत. रक्तदाबाची आणि साखरेची पांढरी गोळी रंगावरून ओळखायची त्यांची पद्धत परीक्षा पास झाल्यावरही तशीच राहते. कंपनी बदलली, गोळीचा आकार बदलला, की चूक होते. दहा इंग्रजी अंक आणि रोजच्या दोन-तीन औषधांच्या नावांचे पहिले अक्षर, एवढे शिकायला पंधरा दिवस पुरतील. ते त्यांच्यासाठी नवे असेल, अवघड असेल, रोज कामाला येईल, आणि रोज कामाला येत असल्यामुळे विसरणारही नाही. सध्या ते ना साक्षरतेच्या पुस्तकात ठळकपणे आहे, ना आरोग्य उपकेंद्रात औषध देताना कुणी शिकवत आहे.